अंगठ्याखालचा ठिपका

लाल ठिपका... तिळापेक्षा मोठा, मसुराच्या दाण्यापेक्षा लहान, एका कडेला किंचित उचललेला, स्लाइडच्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर, आणि तो तिनेच लावलेला. यात शंकाच नव्हती, कारण पहिल्या वर्षाच्या पहिल्याच सुट्टीत कला-इतिहास विभागातल्या दीडएक हजार स्लाइडचे जुने गळून पडलेले ठिपके तिने एकटीने बसून नव्याने चिकटवले होते. स्लाइड उजेडाकडे धरायची, चित्र नीट ओळखायचं, मग ठिपका लावायचा. म्हणजे पुढे कुणीही अंधारात नुसता अंगठा ठिपक्यावर ठेवून स्लाइड यंत्रात घातली तरी पडद्यावर चित्र सुलट येतं. नियम एवढाच. आणि या एका स्लाइडला, कदाचित उन्हाने डोळे दिपले असतील म्हणून, कदाचित भुकेच्या वेळी, किंवा कदाचित... तिने ती पालथी धरली होती.

काल गावात आलेल्या प्रदर्शनात तिने मूळ चित्र पाहिलं. तीन वर्षं पडद्यावर पाहिलेलं, ज्यावर पदवीचा चाळीस पानी निबंध लिहिला ते चित्र भिंतीवर आरशात पाहावं तसं उलटं टांगलेलं. आणि आज पाचच्या आत तो निबंध द्यायचा. उंबऱ्यात एक बाई, हातात दिवा, एक पाय उचललेला. अलीकडे काळोख, पलीकडेही काळोख. घर कुठल्या बाजूला ते चित्रकाराने सांगितलेलंच नाही. पडद्यावर ती उजवीकडून डावीकडे यायची. तिचा सगळा निबंध त्यावर उभा होता: आपली नजर डावीकडून उजवीकडे वाचत जाते, जी आकृती त्या नजरेला सामोरी येते ती आपल्याला भेटायला आल्यासारखी वाटते, म्हणून ही बाई घरी परतते आहे. निबंधाचं नाव ‘परतणारी’. आणि काल भिंतीवर ती आपल्या नजरेच्याच वाटेने, नजरेच्या एक पाऊल पुढे, निघाली होती.

“मुलाचा फोटो बघावा तशी बघतेयस,” स्लाइड सांभाळणारे काका म्हणाले. “पसंत असेल तर सांग, नसेल तर ट्रेमध्ये ठेव. तीनला मॅडमचा तास आहे, पहिल्या वर्षाचा. आजच्या यादीत ती पण आहे.”

तिने हसून मान हलवली. खिडकीपाशी ऊन टेबलावरून हळूहळू फरशीवर उतरत होतं, आणि त्या उन्हात धुळीचे कण असे तरंगत होते की त्यांना खाली यायचं आहे की वर जायचं आहे हे त्यांनाही ठरवता येऊ नये...

तिच्या डोळ्यांपुढे आलं: दारात आई. हे चित्र मात्र कुठल्या ट्रेमध्ये नाही. मी सात वर्षांची, तापाने अंथरुणात, आणि दारात आई, हातात कापडी पिशवी, अंगावर निळी शाल. ती दवाखान्यातून एकदा घरी आली होती आणि मग एकदा परत गेली, ती गेलीच. मला आठवतं ते दार यातलं कुठलं? दहा वर्षांची असताना मी बाबांना विचारलं होतं. ते इस्त्री करत होते. इस्त्री तशीच हातात उचलून धरून ते म्हणाले, “दोन्ही वेळा तीच पिशवी होती गं बाळा.” मग त्यांनी माझ्या गणवेशाची बाही सरळ केली आणि कीर्तनातली एक ओळ गुणगुणू लागले. तेव्हा मीच ठरवून टाकलं, येतानाचं. कुणी अडवलं नाही.

बाबांना कीर्तनं जिवापाड आवडतात. लहानपणी ते तिला मांडीवर घेऊन ऐकायला बसत. बुवा एक ओळ गात, मग तासभर गोष्ट सांगत, हसवत, रडवत, आणि शेवटी तीच ओळ पुन्हा गात. आणि बाबांचे डोळे दर वेळी त्या दुसऱ्या खेपेलाच भरून यायचे. तिने एकदा विचारलं होतं, तीच तर ओळ आहे, मग आत्ता का रडता? तर म्हणाले, ओळ तीच असते, मधली गोष्ट आपल्यावरून गेलेली असते.

तिने घड्याळाकडे पाहिलं. तीनला पाच कमी. ठिपका तसाच ठेवला तर कुणालाच कळणार नव्हतं. प्रदर्शन चार दिवसांत दुसऱ्या गावी जाणार, मॅडमचे गुडघे दुखतात, त्या काही तिथे जिने चढून जाणार नाहीत, आणि निबंध तपासणार त्याच. बदलला तर तासाभरात त्यांना दिसेल, आणि पाच वाजता त्यांच्याच टेबलावर तिला ‘परतणारी’ ठेवावी लागेल. नख आपोआप ठिपक्याच्या उचललेल्या कडेखाली गेलं. सोलून निघाला. तिने स्लाइड उलटली, ठिपका दुसऱ्या अंगाला दाबून बसवला. अंगठ्याखाली तो थोडा वेळ गरम लागला.

वर्गात पडदे ओढलेले होते. ती मागच्या बाकावर बसली, मांडीवर पिशवी, पिशवीत चाळीस पानं. मॅडम नेहमीचंच म्हणाल्या, की आधी बघायचं, मग बोलायचं, पाच मिनिटं कुणी तोंड उघडायचं नाही. यंत्राने खट् केलं.

बाई निघाली होती.

मॅडम पडद्याच्या कडेला उभ्या होत्या, अर्धा उजेड त्यांच्या पदरावर. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. स्वतःचाच नियम मोडून, पण स्वतःशीच बोलावं इतक्या हळू त्या म्हणाल्या, “अगं, ही आज कुठे निघाली?”

मागच्या बाकावर तिच्या ओठांवर वाक्य तयार होतं... मॅडम, ठिपका मी लावला होता... पण पाच मिनिटं व्हायची होती, आणि तिचं पडद्याकडे पाहणं अजून संपलं नव्हतं. दिवा बाईच्या पलीकडे होता, पुढच्या काळोखाकडे धरलेला. तीन वर्षं तो आपल्याला दिसावं म्हणून धरलाय असं तिला वाटत आलं होतं. तो तिच्या स्वतःच्या वाटेसाठी होता. एवढी साधी गोष्ट... तिलाही तर दिसायला हवं, पुढे कुठे पाऊल टाकायचं ते.

निळी शाल. पिशवी. उचललेला पाय. मी अंथरुणातून आईला थांब म्हणून हाक मारत नव्हते. नीट जा, असं काहीतरी, तापाने जड झालेल्या जिभेवर, तेव्हा राहून गेलेलं, आत्ता येत होतं. यंत्राचा पंखा घरघरत होता, आणि त्याच्या त्या एकसुरी आवाजात बाबांच्या गुणगुणण्यातली ती ओळ तिला दुसऱ्यांदा ऐकू येऊ लागली.