तुरीच्या दाण्याएवढा सूर्य

मेथीच्या वाफ्यात खुरपं घातलं आणि मातीतून एक पांढरी गोळी वर आली. हातभर पुढं आणखी एक. तिसरी विरघळून चुन्यासारखी झाली होती.

जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गच्या बाहेर, कालव्याच्या अंगाला, माझ्या मुलानं म्हणजे यशपालनं भाड्यानं घेतलेला हा जमिनीचा तुकडा. माती वाळूची, पाणी धरत नाही. वाशीमकडच्या आमच्या काळ्या रानाची सर तिला नाही. तरी मी आणि माझी बायको प्रभावती इथं राबतो, आणि सोबतीला मधूभाऊ येतात. ते कऱ्हाडकडचे, इथं मुलाजवळ राहतात.

गोळी मी लगेच ओळखली. गेल्या थंडीत मधूभाऊ बसथांब्यावर कोसळले होते. ही गोळी चुकवली तर पुन्हा उठणार नाही, असं डॉक्टरनं तोंडावर सांगितलं होतं. त्यांची सून स्पृहा रोज सकाळी ती हातावर ठेवते.

"मधूभाऊ, हे काय पेरलं हो?"

त्यांनी मान वर केली. लाज म्हणून नाही. "घावलं व्हय तुम्हाला?"

"मराची हौस आली का?" प्रभावती ओरडली.

"आवं वैनी, जी मानसं पृथ्वी गोल हाय म्हनून आख्ख्या जगाला फसवत्यात, ती गोळीबद्दल खरं बोलतील व्हय?"

ही पृथ्वीची भानगड महिनाभर चालली होती. मोबाइलमध्ये कुणी एक माणूस रोज बोलायचा आणि हे ऐकायचे. पृथ्वी भाकरीसारखी सपाट, सूर्य म्हणजे वर गरगर फिरणारी बत्ती, लांब गेली की झाली संध्याकाळ. मी हसण्यावारी नेलं होतं. आता त्यापायी पुरलेली गोळी माझ्या हातात होती.

"बघा की चौफेर," त्यांनी हात फिरवला. "कुठं हाय गोल? बिटाची रानं पार कडंपतूर सपाट. कालव्याचं पानी मधी फुगलंय का?"

"लय मोठी हाय पृथ्वी. एवढ्याशा तुकड्यात काय दिसन?"

"आन ती तुमची पृथ्वीची ओढ! समुद्र धरून ठेवती, पर हे फुलपाखरू हिला धरवंना?"

"त्यालेही ओढते. पंख थांबवले की पडते."

"ह्ये तुम्हाला तुमच्या सुनेनं शिकवलं. ती संशोधनवाली, पगार त्याच लोकांचा!"

"माझ्या मैत्रीचं नाव घेऊ नका," सुनेची बाजू घेत प्रभावती म्हणाली.

मधूभाऊंनी मग माझ्या वर्मावर बोट ठेवलं. "तुमचं बुद्ध काय म्हनलेत दादाराव? पोथीत हाय म्हनून मानू नका, गुरू सांगतोय म्हनून मानू नका. मग तुम्ही का मानता?"

"गेनाऊ!" म्हणजे 'अगदी बरोबर', असं वर इथल्या लोकांसारखं म्हणून ते हसले.

मला ते झोंबलं. मी अक्षरं शिकलो ती पंचेचाळिशीत, प्रौढांच्या वर्गात. पुस्तकात पृथ्वी गोल होती, मी गोल धरून चाललो. स्वतः पाहिलं कुठं होतं?

"बरोबर हाय तुमचं," मी म्हणालो. "पण तो मोबाइलवाला सांगते म्हणून तरी काहून मानता? पारखून पाहू. बत्ती लांब गेली की लहान दिसते का नाही?"

"दिसती की."

"मग सूर्यही संध्याकाळी लहान व्हाले पाहिजे. झाला, तर माझी रोजची शुगरच्या दुखण्याची गोळी मी याच वाफ्यात पुरतो. नाही झाला, तर तुमची तुमी रोज माझ्यासमोर गिळाची."

"आन मी काय करू?" प्रभावती म्हणाली. "दोन मढी उचलू?"

मैत्रीनं ग्रहण पाहायला दिलेला काळा चष्मा खोपीत होता. मधूभाऊंनी तो उलटसुलट केला, हुंगला, डोळ्यांना लावून मेथीकडं पाहिलं.

"ह्यातून तर कायच दिसंना!"

"सूर्याकडं पाहा."

आलुबुखाराच्या झाडाचा डिंक घेऊन मी एका काडीच्या टोकाला तुरीचा दाणा चिकटवला, दुसरीला मोहरी. मधूभाऊंनी भर दुपारी चष्मा लावून, एक डोळा मिटून हात लांब केला. तुरीनं सूर्य झाकला. मोहरीनं नाही झाकला.

"ध्यानात ठेवा," ते म्हणाले. "सांजच्याला मोहरीच पुरंल."

दिवसभर ते मोहरीची काडी हातातून सोडेनात. मी अदलाबदल करीन असा त्यांना संशय. मला ते घरी जाऊन ती गोष्ट विसरतील असा. मोहरी पुरली असती तर मी काय तोंडानं त्यांना गोळी दिली असती?

इथं उन्हाळ्यात जेवणं उरकली तरी सूर्य रानावरच असतो. तो बिटाच्या पाल्याच्या वर हातभर आला तेव्हा मधूभाऊंनी चष्मा चढवला. मोहरी धरली. चहूबाजूंनी सूर्य तसाच बाहेर. हात थोडा हलवला. पुन्हा तसंच. मग दुसरी काडी मागितली. तुरीचा दाणा दुपारसारखाच बसला.

मग सूर्य कडेला टेकला. खालून कापल्यासारखा अर्धा झाला, पण रुंदीला तेवढाच. बत्ती बारीक झालीच नाही, जमिनीआड गेली.

मधूभाऊंनी चष्मा काढला आणि उलटून पाहिला.

"चष्म्यातच काय तरी हाय," मधूभाऊ शेवटी म्हणाले.

"असन. आजची गोळी कुठं हाय?"

त्यांनी खिशातून काढली. सकाळी जिभेखाली लपवलेली, कडेनं झिजलेली. प्रभावतीनं पाण्याची बाटली पुढं केली. त्यांनी गोळी तोंडात टाकली, घोट घेतला, मिशा पुसल्या.

"पैज हरलो म्हनून घेतली. पृथ्वी सपाटच हाय."

"असू द्या सपाट. आ करा."

"म्हंजी? माझ्यावर इस्वास न्हाई?"

"काडीचा नाही."

मधूभाऊ माझ्याकडं रागानं पाहत राहिले. मग त्यांनी तोंड उघडलं. मी जीभ वर करायला लावली, दोन्ही गाल ताणून आत पाहिलं, आणि उद्या सकाळी लवकर या म्हणून सांगितलं.