उलट दिशेने जाणारे: शून्य

वडील वाट चुकून बुडाले, हे काही तिला पटेना. शहरात बाकी सगळ्यांना ते पटलं होतं, कारण नगरपालिकेच्या यादीत तसं छापूनच आलं होतं. पुरात गेलेली एक्केचाळीस माणसं आणि प्रत्येक नावापुढे कारणाचा रकाना. त्या रकान्यासाठी वरच्या साहेबांनी चारच कारणं ठरवून दिली होती: भोंगा ऐकला नाही, घर सोडलं नाही, सामानासाठी मागे फिरले, वाट चुकली. तिच्या वडिलांपुढे चौथं होतं. ज्या माणसाने एकतीस वर्षं याच शहरात बस चालवली, ज्याला रस्त्यावरचा खड्डा न् खड्डा पाठ होता, तो म्हणे स्वतःच्या दारातून निघून वाट चुकला. चिडावं की रडावं तेच तिला कळत नव्हतं, म्हणून महिनाभर ती आळीपाळीने दोन्ही करत होती.

त्यात पुन्हा ती वाट तिनेच आखलेली. नगरपालिकेत तिला सगळे नकाशाबाई म्हणत. पूर आला तर कोणत्या गल्लीने कोणत्या रस्त्याने कोणत्या शाळेत जायचं, याचा नकाशा तिने दोन वर्षं खपून केला होता. हातात घड्याळ धरून प्रत्येक वाट स्वतः चालून पाहिली होती. वडिलांच्या दारापासून उंचावरच्या शाळेपर्यंत अकरा मिनिटं लागत होती, आणि तीही गुडघे दुखणाऱ्या माणसाच्या चालीने. त्यांची स्कूटर मात्र सापडली बरोबर उलट्या बाजूला, नदीकाठच्या खालच्या रस्त्यावर, मोरीत अडकलेली. ते स्वतः दुसऱ्या दिवशी सापडले.

नकाशा तयार झाला तेव्हा तिने तो मोठ्या कौतुकाने स्वयंपाकघरातल्या टेबलावर वडिलांपुढे पसरला होता. नदीकडून येणारा वरचा रस्ता भोंगा झाला की दोन्ही बाजूंनी फक्त बाहेर पडणाऱ्यांसाठी, ही तिची मोठी शक्कल. त्याने निम्मा वेळ वाचत होता. खालचा रस्ता तिने कोराच ठेवला होता, कारण पाण्याच्या दिशेने कोण जाणार? सोबतच्या तक्त्यात 'उलट दिशेने जाणारे' अशी एक ओळ होती. तिथे तिने डोळे मिटून शून्य लिहिलं होतं.

वडिलांनी चष्मा लावला, रस्त्यांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, परतीची फेरी कुठे आहे? तिला हसू आलं. बाबा, ही काही बस नाही, ती म्हणाली, माणूस जिथे असेल तिथून सरळ वर जाणार, नियमच तसा आहे. ते म्हणाले, बरं बाई, तू शिकलेली. आणि नकाशाच्या कडेला चहाचा डाग पडू नये म्हणून कप उचलून मांडीवर घेऊन बसले.

तसा त्यांना हा आणायला जाण्याचा रोगच होता. ती शाळेत असल्यापासून त्यांचं एकच वाक्य ठरलेलं: तू तिथेच थांब, मी येतो. शाळेतून, क्लासमधून, स्टेशनवरून. अडतीस वर्षांची बाई झाली, डोक्यात पांढरे केस आले, तरी नदीकाठच्या ऑफिसात उशीर झाला की हे स्कूटर घेऊन फाटकाशी हजर. सहकारी हसत. ती चारचौघांत वैतागायची आणि मग निमूट मागे बसायची.

पुराच्या दिवशी सकाळी पाणी वाढलं तसं तिला आणि आणखी चौघांना ऑफिसातून हलवून टेकडीवरच्या टाकीजवळ बसवलं. भोंगा झाला. समोर तीन फोन वाजत होते. त्यातून तिने अर्धं मिनिट काढून वडिलांना फोन लावला आणि लगेच निघा म्हणून सांगितलं.

"तू कुठे आहेस?" त्यांनी विचारलं.

"मी कामात आहे बाबा. निघा तुम्ही."

"बरं. येतो."

तिने फोन ठेवला. घरातून निघणारा प्रत्येक माणूस येतो असंच म्हणतो. जातो असं कोण म्हणतं? बाबा निघाले, एक काळजी मिटली, असं मनाशी म्हणून तिने पुढचा फोन घेतला.

महिन्याने वाचलेल्यांच्या मुलाखती घ्यायचं निघालं, तेव्हा साहेब तिला म्हणाले, तुम्ही राहू द्या, दुसरं कोणीतरी करेल. ती ऐकणार कुठली. कोणीतरी, कुठेतरी बाबांना पाहिलं असेल, एवढ्या एकाच आशेवर ती शाळेच्या वर्गात, मुलांच्या बाकावर गुडघे दुमडून रोज बसत होती. भोंगा झाल्यावर किती वेळाने निघालात, आधी कुठे गेलात, कोणत्या रस्त्याने. दोनशेच्या वर माणसं झाली. निम्म्यांनी सांगितलं की आधी आम्ही आईकडे गेलो, मुलांना आणायला गेलो, शेजारणीच्या दारावर धडका मारत बसलो. ती लिहून घेत होती. दर वेळी ते शून्य आठवायचं.

दोनशे बारावा माणूस शिंपी होता, पन्नाशीचा, नदीपलीकडच्या वस्तीतला. पुराच्या दिवशी तो स्वयंसेवक होता. वरच्या रस्त्याच्या तोंडाशी चौकात त्याला शिट्टी, अडथळा आणि नकाशाची एक प्रत देऊन उभं केलं होतं. त्याने सगळी उत्तरं चटचट दिली आणि उठता उठता पुन्हा बसला. म्हणाला, एक गोष्ट सांगायची आहे, तुमच्या कागदात ती कुठे बसत नाही, पण मनातून जात नाही.

स्कूटरवरून एक म्हातारे गृहस्थ आले होते. सगळा लोंढा बाहेर येतोय आणि हे एकटेच आत निघालेले. शिंप्याने अडवलं. नदीकाठच्या ऑफिसात मुलगी आहे म्हणाले.

"मी म्हटलं, काका, ती कधीच निघाली असेल. तर म्हणतात, नाही निघणार. मी येतो म्हणून सांगितलंय, ती थांबून राहील."

नकाशाबाईच्या हातातलं पेन कागदावर तसंच टेकून राहिलं.

शिंप्याने त्यांना नकाशा दाखवला, वरचा रस्ता आत जायला बंद आहे म्हणून सांगितलं. खरं तर एक स्कूटर कडेकडेने सहज गेली असती. त्यांनी थोडा जोर केला असता तर त्याने सोडलंही असतं. वरच्या रस्त्याला तर पाणी शेवटपर्यंत लागलंच नाही.

"पण त्यांनी खिशातून चष्मा काढला, नकाशा नीट बघितला आणि हसले. म्हणाले, हा माझ्या पोरीनेच काढलाय, मी कसा मोडू? खालचा मोकळा दिसतोय, तिकडून जातो."

खालचा मोकळाच होता. तिथे अडथळा नव्हता, शिट्टी नव्हती, माणूस नव्हता. तो मोकळा तिनेच ठेवला होता.

"जाताना येतो म्हणाले. म्हणून लोंढा संपून रस्ता बंद केला तरी मी अंधार पडेपर्यंत अडथळा थोडा सरकवून ठेवला होता, स्कूटरपुरता. वाटलं, येताना मुलगी मागे बसलेली असेल, त्यांना वळसा नको." मग शिंप्याने खालच्या आवाजात विचारलं, "ताई, तुमच्याकडे सगळ्यांच्या याद्या असतात. ती मुलगी वाचली का हो?"

तिने यादी काढलीही नाही.

"वाचली."

शिंप्याने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. महिनाभराचं ओझं उतरल्यासारखा तो बाकावर मागे रेलला.

"म्हणजे पोचले ते. मी उगाच जिवाला खात होतो."

"हो," ती म्हणाली. "पोचले."

तो येतो म्हणून उठला आणि गेला. ती दारापर्यंत सोडायला गेली नाही. तिने पिशवीतून यादी काढली, वडिलांच्या नावापुढचं 'वाट चुकली' खोडलं आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं: मुलीला आणायला गेले. कागद ओला झाला होता. तो वाळेपर्यंत दारातला पुढचा माणूस तिथेच थांबला.