अंगठ्याखालची गोटी

मला कौतुकाचं व्यसन आहे, हे आधीच सांगून टाकतो. नागावात कुणाचा इन्व्हर्टर बंद पडो की कुणाच्या होमस्टेचं वायफाय, हाक मलाच येते, आणि मीही बोलावायच्या आधी जाऊन उभा. लोक म्हणतात, कमलेशच्या हातात जादू आहे. माझ्या बहिणीचं, नूतनचं, मी जे वाटोळं केलं ते याच हातांनी.

नूतन अलिबागला ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात बसते. दहा वर्षं माऊस ढकलून तिचं उजवं मनगट कामातून गेलं. भाकरी थापता येईना. त्यातच ती सरकारी लिपिकाची लेखी परीक्षा पास झाली. राहिली फक्त मराठी टायपिंगची चाचणी, मिनिटाला तीस शब्द. वयाच्या अटीत बसणारी ही तिची शेवटची संधी, आणि हातात पाच महिने.

"दादा, हात टिकंल असं कायतरी कर ना," ती म्हणाली.

झालं, आम्हाला तेवढंच हवं होतं. तिच्या हाताच्या मापाचा कीबोर्डच करायला घेतला. कणकेच्या दोन गोळ्यांवर तिचे पंजे दाबून घेतले. त्या मापानं फणसाच्या फळीचे दोन तुकडे कोरले, एक डाव्या हाताला, एक उजव्या. बोट जिथं पडतं तिथंच बटण. तिची करंगळी आखूड, म्हणून करंगळीची बटणं खाली ओढली. एकेका बटणाला तार हातानं जोडली. आणि माऊसची कटकटच नको म्हणून उजव्या अंगठ्याखाली एक गोटी बसवली. गोटी फिरवली की पडद्यावरचा बाण फिरतो, मनगट हलवायचं कामच नाही.

गोटीनं मात्र छळलं. ती ज्यांवर फिरते ते बारीक लोखंडी छर्रे खाऱ्या हवेनं गंजायचे, बाण अडायचा. तीनदा उघडली. त्याच दिवसांत नूतननं विचारलं, "परीक्षेला हा चालंल ना? जाहिरातीत फोन नंबर हाय, जरा विचार."

"विचारलंय. चालतो म्हणाले," मी मान वर न करता बोललो.

विचारलं नव्हतं. उद्या करू म्हटलं आणि विसरलो. हेही खोटंच, विसरलो बिसरलो नव्हतो. ते नाही म्हणतील अशी भीती होती, आणि इकडे शेजारीपाजारी कीबोर्ड बघायला यायला लागले होते.

तीन महिने ती त्यावरच टाईप करत होती. दुखणं थांबलं. वेग बत्तीस, पस्तीस, अडतीस. दुकानातही तोच न्यायची. जुन्या कीबोर्डला तिनं बोटसुद्धा लावलं नाही. मीच तसं बजावलं होतं, दोन्ही वापरलेस तर हात गोंधळतील म्हणून.

चाचणी पनवेलला होती. केंद्रावरच्या बाईंनी दारातच पिशवी अडवली. बाहेरचं यंत्र आत नेता येत नाही. नूतन म्हणाली, फोनवर तर हो म्हणाले होते. बाई म्हणाल्या, "कोण म्हणालं? डॉक्टरांचं पत्र जोडून महिनाभर आधी अर्ज केला असतात, तर आम्हीच परवानगी दिली असती." मी मागेच उभा होतो.

बाहेर आल्यावर तिनं सांगितलं, आत साधा सपाट कीबोर्ड होता, आणि तिची बोटं माझ्या लाकडाच्या मापाची झालेली. करंगळी भलत्याच बटणावर पडत होती, अंगठा गोटी शोधत होता. एकोणीस शब्द झाले.

मला वाटलं, आता शिव्या घालेल. घालायलाच हव्या होत्या. तर ती एसटीत माझीच समजूत काढत होती. "तू तरी काय करशील? इतकी म्हेनत घेतलीस. खोटारडे हायत ते." घरी आल्यागेल्यालाही तेच सांगत राहिली. मी चहा ढोसत ऐकत बसलो. स्वतःची किळस येत होती.

काल तिनं तक्रारअर्ज लिहिला, त्याच कीबोर्डवर, भराभर, एकही चूक नाही. 'माझ्या भावाने फोनवर विचारणा केली असता परवानगी असल्याचे सांगण्यात आले. तरी माझी चाचणी पुन्हा घ्यावी, ही विनंती.'

"फोन कधी केलावतास, आठवतंय?"

"तारीख न्हाय आठवत."

"ऱ्हाऊ दे. खाली साक्षीदार म्हणून तुझं नाव टाकलंय. तू सही केलीस की त्यांना ऐकावंच लागंल."

तिनं कागद पुढं सरकवला, पेनाचं टोपण काढून दिलं. मी सही केली.