सोमवारचा पहिला प्रश्न

दिवाळीच्या सुट्टीत सगुणाबाई गेल्या, आणि सुट्टी संपली तसा त्यांचा वर्ग त्यांच्याच मुलीच्या, ज्योत्स्नाच्या, गळ्यात पडला. आठवी ब. सातपूरच्या कारखान्यांना लागून असलेल्या त्या शाळेत आठवी ब म्हणजे पाळ्यांवर जाणाऱ्या कामगारांची दांडगी पोरं, हे कुणाला समजावून सांगावं लागत नसे. ज्योत्स्ना तिथेच पाचवीला शिकवत होती, शिक्षणसेवक म्हणून. तीन वर्षांतले शेवटचे दोन महिने राहिले होते. ते सरळ गेले आणि मुख्याध्यापकांनी चांगला शेरा दिला, की नोकरी कायम.

मुख्याध्यापक खैरनार सर जूनमध्येच बदलून आले होते. त्यांनी तिच्यापुढे हजेरीपट ठेवला आणि हजेरीपटावर एक लाकडी फूटपट्टी.

"बाईंबद्दल मला आदरच आहे. पण वर्ग फार लाडावून ठेवला हो त्यांनी. कोण कधी येतं, कोण बाकावर डोकं टेकतं, कशाला धरबंद नाही. तुम्ही तरुण आहात. जानेवारीत तपासणी आहे, लक्षात ठेवा."

"हो सर," ज्योत्स्ना म्हणाली. तेरावं होऊन चारच दिवस झाले होते. त्या दिवसांत ती सगळ्यालाच हो म्हणत होती.

शिक्षकांच्या खोलीत बसून तिने हजेरीपट उघडला. आईचं शाईतलं ठसठशीत अक्षर. नावांच्या डावीकडे, समासात, पेन्सिलीने बारीक काढलेलं प, दु, रा. दर आठवड्याला खोडून पुन्हा लिहिल्यामुळे तिथला कागद मळकट झाला होता. ते काय आहे हे ज्योत्स्नाला पक्कं ठाऊक होतं. सोमवारी हजेरीच्या आधी आई वर्गाला विचारायची, "कुणाच्या घरी कुठली पाळी?" कारखान्यांतल्या पाळ्या सोमवारी बदलत. पहिली, दुसरी, रात. ज्योत्स्ना स्वतः आठवीत असताना त्या प्रश्नाला कानकोंडी व्हायची. शाळा आहे की कंपनीचं गेट?

तपासणीला हजेरीपट स्वच्छ हवा. तिने खोडरबर घेतलं आणि सगळा समास पुसून पांढरा केला.

पहिला आठवडा वर्ग गप्प होता. सगुणाबाई म्हणजे मुलांच्या मोठ्या बाई; ते त्यांच्या दुखवट्याचं गप्प बसणं होतं, ते काही टिकणारं नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात कुजबुज सुरू झाली, तिसऱ्यात बाकं वाजू लागली. ज्योत्स्नाने आवाज चढवला की वर्गही चढे. फूटपट्टी टेबलावर आपटली की तेवढ्यापुरता थांबे. त्यात खैरनार सरांनी नवा नियम काढला. साडेसातच्या घंटेला फाटकाला कुलूप, आणि उशिरा येणाऱ्यांनी पहिला तास बाहेर रस्त्यावर. रोज दहाबारा मुलं कंपन्यांच्या बसगाड्यांचा धूर खात बाहेर उभी राहत आणि दुसऱ्या तासाला चिडलेली आत येत.

एका गुरुवारी गणिताचा पहिला तास अर्ध्यावर आला असताना रोशनी दारात उभी राहिली. तेरा वर्षांची, किडकिडीत पोर. गुडघा खरचटलेला, स्कर्टला चुना.

"कुठून आलीस?"

"भिंतीवरून."

वर्ग खदखदला.

"भिंतीवरून? का?"

"फाटक बंद होतं ना, बाई."

आता तर हसण्याला ऊतच आला. मुलगी खरं तेच सांगत होती, पण त्या हसण्यात ज्योत्स्नाला ते उद्धटपणाचं वाटलं.

"हात पुढे कर."

पाच पट्ट्या. रोशनीने एकदाही हात मागे घेतला नाही. पाचवी बसल्यावर मूठ मिटून ती हळूच म्हणाली, "मोठ्या बाईंनी आधी विचारलं असतं."

वर्ग चिडीचूप झाला. इतके दिवस ओरडून जी शांतता मिळत नव्हती ती एका क्षणात मिळाली. तेवढ्यात व्हरांड्यातून जाणारे खैरनार सर खिडकीशी थबकले.

"शाब्बास," ते म्हणाले, "आता कसं!"



शाळा सुटल्यावर तानुबाई चहा घेऊन आली. ती शाळेची जुनी शिपाईण. ज्योत्स्नाच्या दोन वेण्या तिनेच कितीदा घातल्या होत्या.

"मारलंस व्हय रोशनीला?"

ज्योत्स्नाने कप जवळ ओढला.

"तिच्या बापाची रातपाळी चालू हाय. आय सहालाच जाती, कंपनीच्या कँटीनात पोळ्या लाटायला. दीड वर्साची बहीण घरात. ती कुणाच्या हवाली करावी पोरीनं? बाप सायकल मारत येतो पावणेआठला, मंग ही सुटते पळत. तुझ्या आईला समदं ठाव होतं."

"म्हणून उशीर चालवून घ्यायची?"

"चालवून कशाला घेईल! तासच फिरवायची. रातपाळीवाली पोरं जास्त असली की पयल्या तासाला नवं काय शिकवायची नाय, निस्ती उजळणी. नवा धडा दुसऱ्या तासाला. दुसऱ्या पाळीवाल्यांच्या घरी बाप रात्री बाराला येतो, समदं घर जागं व्हतं. ती पोरं पेंगली तर त्यांना फळा पुसायला उठवायची. आन मला सांगायची, तानुबाई, फाटक लोटून ठेव, कडी नको." कपबशी उचलून ती दाराशी थांबली. "तुला वाटलं आय तुझी निस्ती मऊ व्हती? लय हिशेबी व्हती ती."

ज्योत्स्नाने हजेरीपट पुन्हा उघडला. समास कोरा होता. आईच्या हातचं शेवटचं लिहिलेलं तिने स्वतःच, तपासणीसाठी, पुसून टाकलं होतं. उजेडाकडे तिरका धरूनही काही दिसेना. मग तिने तो मिटला आणि दप्तरात ठेवला.

शनिवारी खैरनार सरांनी तिला बोलावलं. टेबलासमोर रोशनीचे वडील लखन उभे होते. अंगात कंपनीचा खाकी गणवेश, रातपाळीने डोळे लाल. शेजारी रोशनी.

"भिंत चढणारी मुलगी शाळेत ठेवता येणार नाही," सर म्हणाले. "दाखला देऊन टाकू. बाई, वर्गशिक्षिका म्हणून तुमचा अहवाल हवा. वर्तणूक वाईट, एवढं लिहा आणि सही करा."

लखननी हात जोडले. "सर, हवं तर अजून मारा तिला. माझ्यासमोर मारा. पण दाखला नका देऊ."

ज्योत्स्नाने त्यांच्याकडे पाहिलं, मग रोशनीच्या मिटलेल्या मुठीकडे.

"कागद द्या," ती म्हणाली.

ती उभ्यानेच लिहू लागली. सरांना वाटलं, दोन ओळींत उरकेल. तिने अर्धं पान भरलं आणि वाचून दाखवलं.

"आठवी ब मध्ये आजवर कुणाला भिंत चढावी लागली नव्हती. फाटकाला कुलूप लागलं तेव्हा लागली. विद्यार्थिनी भिंत चढून पळून गेली नाही, ती वर्गात आली. उशिराचं कारण मी विचारलं नाही आणि तिला पाच पट्ट्या मारल्या. वर्गातली बेशिस्त गेल्या महिन्यातली, म्हणजे मी आल्यानंतरची आहे. विद्यार्थिनीची वर्तणूक चांगली. दाखल्यास माझी संमती नाही."

खैरनार सरांनी हात पुढे केला. "आणा इकडे. फाडून टाकतो, आणि आपण विसरून जाऊ."

"आधी आवक वहीत नोंद होऊ द्या." ती बाहेर कारकून भिमाजींच्या टेबलाशी गेली. दुसरी प्रत तिथेच लिहून काढली, दोन्हींवर शिक्का मारून घेतला. "भिमाजीकाका, ही दुसरी संस्थेच्या कार्यालयाला पाठवा. आजच्याच टपालाने."

भिमाजींनी एकदा केबिनकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि शाईच्या गादीवर शिक्का जरा जास्तच जोरात दाबला.

सर दारात आले होते. "तुमचा शेरा कुणाच्या हातात आहे, माहीत आहे ना?"

"माहीत आहे, सर."

"सगुणाबाईसुद्धा इतक्या हेकट नव्हत्या."

"त्यांना तुम्ही पाचच महिने पाहिलंत," ज्योत्स्ना म्हणाली.

वर्गशिक्षिकेच्या सहीशिवाय दाखला पुढे सरकेना. तो सरांच्या खणात पडून राहिला.

सोमवारी तानुबाईने फाटकाला कुलूप लावलं नाही. किल्ली सापडत नाही म्हणाली, आणि कमरेला खोचलेली किल्ली पदराखाली सारली. ज्योत्स्ना वर्गात आली ती फूटपट्टीशिवाय. आवाज होता. तिने तो चढू दिला, आणि मग स्वतः इतकं हळू बोलली की पुढच्या बाकांनी मागच्यांना गप्प केलं.

"गुरुवारी मी रोशनीला मारलं. माझं चुकलं. आता पुन्हा कुणाला मारणार नाही."

कुणी हसलं नाही. तिने हजेरीपट उघडला, पेन्सिल काढली.

"कुणाच्या घरी कुठली पाळी?"

बाकांखाली चपला घासल्या. मग तिसऱ्या बाकावरून रोशनी म्हणाली, "आमच्याकडे आता दुसरी, बाई."

ज्योत्स्नाने तिच्या नावाशेजारी दु लिहिला. अक्षर आईसारखं आलं नाही.

दारात सावली पडली. खैरनार सर उभे होते.

"हजेरीपटात पेन्सिल चालत नाही, बाई."

"हो सर," ज्योत्स्ना म्हणाली. मान न वळवता तिने पुढचं विचारलं, "रातपाळी?"

सात हात वर झाले. ती एकेक नाव शोधून लिहीत गेली. सर उभेच होते, आणि वर्ग शांत होता.