सोळा वस्त्या, एक बाबा

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. शेअर बाजाराच्या बातम्या देणाऱ्या केबल वाहिनीचा वाढदिवस होता आणि आज साक्षात आकडेबाबा दर्शन देणार होते. बाबांनी डोळे मिटायचे, दोन बोटं कपाळाला लावायची आणि येत्या आठवड्यात बाजार चढणार की पडणार ते सांगायचं.

"सलग चार आठवडे खरं!" एक दंतवैद्य शेजाऱ्याला सांगत होता. "माझी कवळी चुकेल एखादी, बाबा नाही."

मधल्या रांगेत निवृत्त गणिताच्या बाई ओठ आवळून बसल्या होत्या. त्यांना दर्शन नको होतं. त्यांना उट्टं काढायचं होतं.

ही वाहिनी जिन्याखालच्या एका खोलीत सुरू झाली, तेव्हा तिला काळं कुत्रं विचारत नव्हतं. कोटवाला निवेदक आकडे वाचता वाचता स्वतःच जांभया द्यायचा. मग मालकाने कुठूनसा हा बाबा पैदा केला आणि वाहिनी बघता बघता शहराच्या सोळा वस्त्यांत घरोघर लागू लागली. मालकाने खोली सोडून तीन मजली इमारत भाड्याने घेतली.

बाईंच्या यजमानांनी बाबांचा शब्द तीनदा खरा होताना पाहिला आणि चौथ्यांदा निवृत्तीची सगळी पुंजी लावली. बाबा म्हणाले होते 'पडणार'. बाजार चढला, पुंजी बुडाली. पुढच्या आठवड्यापासून बाईंच्या वस्तीत पडद्यावर पाटी झळकू लागली: 'बाबा ध्यानात गेले आहेत.' तेव्हापासून यजमान कोणाच्या नजरेला नजर देत नव्हते. चहासुद्धा "मला नको, तू घे" म्हणून नाकारायचे, जणू त्या घरातल्या कपावर त्यांचा हक्क उरला नव्हता. बाईंचा जीव तिथे तुटायचा.

अशात त्या शहराच्या दुसऱ्या टोकाला धाकट्या भावाकडे गेल्या. भाऊ शिंपी. तो वडिलांचं दुकान विकून पैसा बाजारात लावायला निघाला होता. "बाबांनी वाढदिवसाला 'चढणार' म्हटलं, की सौदा पक्का!"

"बाबा तर ध्यानात आहेत ना?"

"कुठले ध्यानात? हे बघ!" त्याने मागच्या आठवड्याचा जपून ठेवलेला कार्यक्रम लावला. तोच बाबा, तीच खुर्ची, कफनीवर चहाचा तोच डाग. बाईंनी तो डाग आपल्या घरी त्याच दिवशीच्या कार्यक्रमात पाहिला होता. फक्त इथे बाबा म्हणत होते, 'चढणार'. मध्ये जाहिरात लागली, तीही निराळी.

"आमच्याकडे या वेळी गादीवाल्याची जाहिरात होती," बाई पुटपुटल्या.

"केबलवर वस्तीगणिक वेगळी जाहिरात सोडतात, ताई. एवढंही ठाऊक नाही?"

बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जाहिरात वेगळी सोडता येते, तर बाबा का नाही? त्यांनी परोपरीने समजावलं. भाऊ म्हणाला, "भावजींचं नशीब खोटं, ताई. बाबा नाही." हे वाक्य बाईंना फार लागलं. त्या वाढदिवसाची वाट पाहू लागल्या.

मालकाची हाव त्यांच्या पथ्यावर पडली. जाहिरातदारांना गर्दी दाखवायची म्हणून त्याने सोळाही वस्त्यांत आमंत्रणं वाटली आणि ध्यानाची पाटी लागलेल्या वस्त्यांत वर लिहिलं: 'बाबा ध्यानातून परतले!' फसलेला माणूस लाजेने तोंड उघडत नाही, यावरच त्याचा धंदा उभा होता. आणि आजवर सोळा वस्त्या कधी एका छताखाली आल्या नव्हत्या.

"बाबांना काही विचारायचंय?" निवेदिकेने गोड आवाजात पुकारा केला. बाईंनी माइक घेतला.

"बाबांना नाही, तुम्हाला विचारायचंय. पहिल्या आठवड्यात बाबा 'चढणार' म्हणाले, असं ज्यांनी ऐकलं त्यांनी उभं राहा."

अर्धं सभागृह उभं राहिलं.

"बसा. 'पडणार' ऐकलं त्यांनी उठा."

उरलेलं अर्धं उठलं. लोक एकमेकांकडे पाहतच राहिले.

"बालिके," बाबा घाईने म्हणाले, "दिव्य दृष्टीला दोन पापण्या असतात. एकीखाली तेजी, दुसरीखाली मंदी!"

"आणि दोन्हींखाली तुमचा खिसा!"

मालकाने माइक बंद करवला. पण जन्मभर मागच्या बाकापर्यंत आवाज पोचवलेल्या बाईंचं त्यावाचून काही अडत नव्हतं.

"आठ वस्त्यांना 'चढणार' दाखवलं, आठांना 'पडणार'. जिथे चुकलं तिथे बाबा ध्यानात! उरलेल्या आठांचे पुन्हा दोन भाग. मग चारांचे, मग दोनांचे. शेवटी एक वस्ती उरते, जिथे बाबा चारही वेळा खरा. तिथे माझा भाऊ राहतो. यात बाबाचं कर्तृत्व शून्य. बाजार काहीही करो, एक वस्ती उरणारच!"

दंतवैद्याचा जबडा उघडाच राहिला. पलीकडून कोणीतरी ओरडलं, "दारं लावा रे!" गळ्यात टेप तशीच अडकवलेला भाऊ सगळ्यांच्या आधी मंचावर चढला आणि त्याने मागच्या दाराकडे सटकणाऱ्या मालकाची कॉलर धरली.

पोलीस येईपर्यंत बाबा बाईंच्या पायाशी बसून होता. "बाई, तुम्हीच सांगा यांना. माझं काय होणार आता?"

"डोळे मिटा," बाई म्हणाल्या. "दिसेल."

फार बरं वाटलं त्यांना, आणि त्याची त्यांना जराही लाज वाटली नाही.

वाचकहो, कोणी आपले खरे ठरलेले शब्द मोजून दाखवू लागला, तर खोटे ठरलेले कुठे पुरले ते आधी विचारा. आणि फसलात तर घरात तोंड लपवून बसू नका, शेजाऱ्याला सांगा. भोंदूचं अर्धं भांडवल आपली भोळी श्रद्धा असते आणि अर्धं आपली लाज.

घरी येऊन बाईंनी चहाचं आधण ठेवलं. "अहो, आपल्यासारखे सभागृहभर निघाले," त्या म्हणाल्या आणि सगळं सांगितलं. यजमानांनी बऱ्याच दिवसांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"अर्धा कप मलाही टाक," ते म्हणाले.