नेटचं नाव

नव्या राउटरच्या पोटाखाली चिकटवलेला तो कागद, मुंगीच्या पायाएवढी अक्षरं, निशाने डोळ्यांजवळ धरला आणि बोटावरचा ओला पांढरा रंग नेमका पासवर्डवर लागला. पुसला. गणपतीच्या बुबुळाची कड केसभर हलू न देणारी ती, पण ही अक्षरं फोनवर टाकताना रागाच्या भरात पुन्हा पुन्हा चुकली.

नवऱ्याचा फोन येऊन गेला होता. निलेश मूर्तींचा टेम्पो घेऊन वडखळला अडकलेला. म्हणे, "जुनंच नाव टाक, निलेश कला केंद्र. आणि दुपारी त्या दुबईवाल्या गिऱ्हाइकाला व्हिडिओवर डोळ्यांची आखणी दाखवायचीय. तू नुसता हात दाखव, बोलेन मी इकडनं."

नुसता हात! लग्न होऊन पेणला आल्यापासून या कारखान्यातल्या एकूण एक मूर्तीचे डोळे तिने आखले, आणि गिऱ्हाईक म्हणतं, निलेशभाऊ, काय जिवंत डोळे काढता हो तुम्ही! आणि हा मेला हसतो... हसतो, आणि नाही म्हणत नाही.

फोनवर आळीतल्या सगळ्या नेटची नावं उतरली होती. काळुराम आर्ट्स, गोविंदा मूर्तिकार... सगळे बाप्येच. आणि आत डोळे आखायला कोण बसलंय? काळुरामकडे सीताबाई, गोविंदाकडे पिंकी, इथे मी... मला कुणी कधी विचारलं? तेव्हाही नाही. लग्न होऊन रोह्याहून इथे आले त्या दिवशी, लक्ष्मीपूजनाला, ताटभर तांदळात निलेशने अंगठीने 'निशा' लिहिलं, बायका हसल्या, मीही हसले. तांदूळ कुठे गेले कोण जाणे. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

नेटवर्कच्या नावाची चौकट रिकामी होती. तिने लिहिलं — प्रतीक्षा. माहेरचं... स्वतःच्या हाताने, किती काळाने! खाली सूचना आली, बदल जतन केले तर जोडलेले सगळे फोन तुटतील. तुटू देत! विचारतील तरी, कुणाचं म्हणून. तिने बटण दाबलं आणि चोरी केल्यासारखं मागे वळून पाहिलं. चोरी? माझ्याच नावाची?

तेवढ्यात ओटीवरून सासूबाई आल्या, हौसाबाई, मोबाइल हातभर लांब धरून.

"गो निशा, आपला नेट कुठं गेला? काळुरामचा दिसतोय, गोविंदाचा दिसतोय... आणि ही कोण गो नवी, प्रतीक्षा? आपल्या आळीत तर अशी कोण नाय."

टोमणा नव्हता. खरंच ठाऊक नव्हतं. आणि मुलगी बघायला रोह्याला आल्या तेव्हा ह्यांनीच विचारलं होतं, नाव काय गो तुझं? तिने हेच सांगितलं होतं, ह्यांच्याच पाया पडताना. निलेशसाठी जपलेला सगळा संताप मनात तसाच ठेवून तिने राउटर सरळ ठेवला, पासवर्डचा कागद खाली.

"हाय एक," ती म्हणाली.

पासवर्ड काही तिने सांगितला नाही. आधी आठवू दे ह्यांना, असं वाटलं. आणि लगेच वाटलं... नाहीच आठवलं तर?