पुन्हा ओलं नको

डॉक्टरीणबाईंनी हातातलं घड्याळ थांबवलं आणि आकडा कागदावर लिहिला. दवाखान्यातला हाच बोळ पार करायला काल बाबांना दोन मिनिटं लागली होती, पाय जमिनीला चिकटल्यासारखे. सकाळी कमरेत सुई घालून अर्धा कपभर पाणी काढलं, आणि आता ते पाऊण मिनिटात खुर्चीपाशी पोचून मुलीकडे बघत होते. मुलीला हसावं की रडावं कळेना. तीन वर्षं ती याला म्हातारपण समजत आली होती.

"डोक्यात साठणारं पाणी आहे हे, तेच मणक्यातून कमरेपर्यंत येतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चालणं अडतं, लघवी सुटते, विसरायला होतं, ते यानंच. आजचा फरक एक-दोन दिवस टिकेल. पुढे टिकवायचा तर नळी बसवायला हवी. एक डोक्यातून पोटात उतरते. कवटीला छोटं भोक पडतं, रक्तस्रावाची भीती असते. दुसरी कमरेतून पोटात जाते. डोक्याला हात लागत नाही, पण ती सरकते, तुंबते, पुन्हा उघडावी लागू शकते. आज त्यांचं डोकं साफ आहे, त्यांनाच ठरवू दे."

"कमरेतूनच करू," मुलगी घाईनं म्हणाली.

"थांब गं. पाइपाचं मला विचार." बाबांनी जन्मभर प्लंबिंग केलं होतं. "व्हॉल्व्ह असतो का त्याला?"

"असतो. काही व्हॉल्व्ह तर बाहेरून चुंबकानं कमी-जास्त करता येतात."

"घ्या! आणि मी आयुष्यभर भिंती फोडत बसलो."

किती महिन्यांनी ते असं बोलत होते.

"डोक्यातून करा," ते म्हणाले.

"बाबा, जिवावर बेतलं तर?"

"बेतू दे. कमरेतली तुंबली की पुन्हा ओलं. पुन्हा ओलं नको."

डॉक्टरीणबाई सहीचे कागद आणायला आत गेल्या. बाबा आपल्या गुडघ्यांकडे बघत बसले.

"परवा शेजारीण आली होती," ते हळूच म्हणाले. "माझा ओला पायजमा उचलून तिला दाखवलास."

त्या दिवशीची तिसरी चादर धुऊन ती मेटाकुटीला आली होती. 'यांना आता काही कळत नाही,' असंही ती म्हणाली होती. बाबा तिथेच बसले होते, भिंतीकडे तोंड करून.

"बाबा, मी..."

"चाळीस वर्षं लोकांच्या मोऱ्या उघडल्या गं. कुणाच्या घरात काय तुंबलंय, ते तुझ्या आईलासुद्धा कधी सांगितलं नाही."

आवाजात राग नव्हता. असता तर तिला बरं वाटलं असतं. तिनं खाली वाकून त्यांच्या चपलेचा सुटलेला पट्टा हातात घेतला, पण तो काही केल्या लागेना.

"सोड. मी लावतो." त्यांनी पट्टा लावला आणि उठले. "बाथरूमला जाऊन येतो."

ती सवयीनं मागोमाग उठली.

"तू बस."

ते भिंतीला हात न लावता बोळाच्या टोकाला गेले. दार बंद झालं, आतून कडी लागली. घरातल्या बाथरूमची कडी तिनं केव्हाच काढून टाकली होती.